कवटी ओळखू येते, हीच अडचण

कवटी काढणं सोपं आहे. दोन काळे गोल, मधे उलटा बदाम, खाली सात-आठ उभ्या रेघा, की झाली कवटी. धोक्याच्या लाल पाटीपासून टी-शर्टपर्यंत ती सगळीकडे अशीच असते. लांबून पाहिली, वाकडीतिकडी काढली, तरी लगेच ओळखू येते. मला अडलं ते नेमकं इथेच. जी वस्तू इतक्या कमी रेघांत ओळखू येते, तिच्याकडे कोणी नीट बघत नाही, आणि त्यात काढणाराही आलाच. हात सवयीने चालतो आणि कागदावर हाडाऐवजी पाटी उतरते. मला हाड हवं होतं. म्हणून कोळशापासून दोऱ्यापर्यंत जे माध्यम हाती आलं, त्यात मी कवट्या करत गेले, आणि दुसऱ्यांनी केलेल्या शोधत गेले.

सुरुवातीला समोर ठेवायला मेडिकलचे विद्यार्थी वापरतात तशी खऱ्या मापाची प्लास्टिकची कवटी घेतली. जबड्याला दोन्हीकडे स्प्रिंग, आणि आतलं दिसावं म्हणून वरचा घुमट कापून आकड्यांनी अडकवलेला. एक गंमत सांगते. पुष्कळ चित्रांत कपाळाच्या वर, डोक्याभोवती एक सरळ आडवी रेघ दिसते. ती खऱ्या कवटीत नसते. ती मॉडेलची फट असते. चित्रकाराने इमानेइतबारे समोरचं उतरवलंय, एवढंच त्यावरून कळतं.

मॉडेल समोर असलं की पाटीचा एकेक भाग गळून पडतो. डोळ्यांच्या खोबण्या गोल नसतात. त्या कोपरे गोलावलेल्या चौकोनांसारख्या असतात आणि बाहेरच्या बाजूला खाली झुकतात, अगदी पायलटच्या गॉगलच्या काचांसारख्या. डोक्याच्या एकूण उंचीत त्या जवळजवळ मध्यावर येतात. आपण मात्र त्या हमखास वर काढतो, कारण आपल्या लेखी चेहरा महत्त्वाचा आणि टाळू म्हणजे केस ठेवायची जागा. बाजूने बघितलं तर उलटंच दिसतं. मेंदूची पेटी प्रचंड, आणि चेहरा तिच्या पुढच्या टोकाला खाली टांगलेला लहानसा ऐवज. गालाच्या हाडापासून कानापर्यंत एक बारीक कमान जाते आणि तिच्या आत चक्क आरपार जागा असते. ती कशासाठी, हे स्वतःवरच कळतं. कानशिलावर बोटं ठेवून दात आवळा, बोटांखाली स्नायू फुगतो. तो त्या कमानीच्या आतून खाली उतरून जबड्याला धरतो. हे एकदा बोटांना कळलं की ती कमान चित्रातून कधी सुटत नाही. तसं पाहिलं तर निम्मी कवटी मी स्वतःचा चेहरा चाचपून शिकले. भुवईचा कठडा, खोबणीची खालची कड, जबड्याचा कोपरा, सगळं कातडीखाली हाताला लागतं.

पेन्सिलीवर मी फार रेंगाळले नाही. पेन्सिलीने कडा येतात, पोकळी येत नाही. कोळशात खरी मजा आली. सगळा कागद आधी कोळशाने करडा करून टाकायचा, एका बाजूने दिवा लावायचा आणि मळता येणाऱ्या रबराने उजेड उचलत जायचं. कपाळ, गालाचं हाड, हनुवटीचा उंचवटा, या क्रमाने. काळं शेवटी, आणि अगदी थोडं. कारण नीट बघितलं तर खोबणीच्या आतही काळोख नसतो. खालच्या, बाहेरच्या कडेवर उलटून आलेला मंद उजेड असतो, आतला उतार करडा असतो, आणि अगदी खोलवर एक चीर आणि डोळ्याची नस जाते ते भोक, तेवढंच काळं. पाटीतल्या काळ्या गोलाच्या जागी हा उतार आला की कवटीला आतली बाजू मिळते.

ही आतली बाजू लिओनार्दो दा विंचीने १४८९ मध्ये ज्या पद्धतीने दाखवली, ती मला अजून सर्वांत हुशारीची वाटते. ती चित्रं आता विंडसरच्या राजसंग्रहात आहेत. एका चित्रात त्याने समोरून कवटी काढली आहे. अर्धा चेहरा शाबूत, आणि उरलेल्या अर्ध्यात पुढचं हाड कापून आतल्या पोकळ्या उघड्या केलेल्या. त्यामुळे कपाळामागे आणि गालामागे किती रिकामी जागा आहे, हे शेजारी शेजारी मोजता येतं. बारीक समांतर रेघांची शाई, आणि भीती घालण्याचा लवलेश नाही. मी त्याची नक्कल करून बघितली. दोन्ही अर्ध्यांच्या पातळ्या जुळवतानाच हात भरून येतो.

दातांबद्दल मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण बहुतेक कवट्या तिथे बिघडतात. प्रत्येक दात वेगळा रेखला की चित्र लगेच व्यंगचित्र होतं. पुन्हा दात सरळ रांगेत नसतात, घोड्याच्या नालेसारख्या वळणावर बसलेले असतात. पुढचे चार आपल्याकडे बघतात, सुळ्यापाशी रांग वळते आणि दाढा सावलीत जातात. शेवटी उपयोगी पडली ती वेगळीच गोष्ट. दातांची मुळं हाडात जिथे रुतलेली असतात, तिथे हाडावर बारीक उभे फुगवटे येतात. वरच्या जबड्यावर ते स्वच्छ दिसतात, सुळ्याचा सर्वांत लांब. हे फुगवटे आणि त्यांच्यामधल्या सावल्या नीट आल्या तर दात नुसते सुचवले तरी चालतात. व्हॅन गॉगने १८८६ च्या सुमारास अँटवर्पच्या कला अकादमीत असताना तोंडात पेटती सिगारेट धरलेला सांगाडा रंगवला. अभ्यासाला ठेवलेल्या सांगाड्याची केलेली थट्टाच ती. त्यातले दात जवळून बघा, रंगाचे ओढलेले फटकारे आहेत नुसते. दोन पावलं मागे गेलं की पक्के दात.

दातांमुळे आणखी एक भानगड होते. ओठ नसल्यामुळे कवटी सतत हसते. गंभीर काही करायला जावं तर ही आपली दात विचकून तयार. जबडा थोडा उघडला की ती ओरडते किंवा गाते. पूर्ण मिटला की कुत्सित होते. यावर एकच रामबाण उपाय मला सापडला, तो म्हणजे खालचा जबडा काढून ठेवणं. हसू एकदम जातं, आणि समोर काहीतरी फार जुनं येऊन बसतं. पॅलेस्टाइनमधल्या जेरिकोला पुरातत्त्वज्ञ कॅथलीन केन्यन यांना १९५३ मध्ये उत्खननात ज्या गिलावा केलेल्या कवट्या सापडल्या, त्यातल्या बहुतेकांना खालचा जबडा नव्हता. खऱ्या माणसाच्या कवटीवर गिलाव्याने नाक, गाल, ओठ घडवलेले आणि डोळ्यांच्या जागी शिंपले. त्यातली एक ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, सुमारे साडेनऊ हजार वर्षांपूर्वीची. जबडा नसल्यामुळे चेहरा बुटका झाला आहे आणि ओठ जवळजवळ वरच्या दातांवरच आले आहेत. आपण चेहऱ्याच्या आतली कवटी शोधत बसतो, त्या माणसांनी कवटीवर चेहरा परत बसवला.

लिनोकटकडे, म्हणजे लिनोलियमचा मऊ तक्ता कोरून, त्यावर शाई फिरवून ठसा घेण्याकडे वळले तेव्हा सगळा हिशेब उलटा झाला. लिनोत जे कोरत नाही ते काळं उमटतं, त्यामुळे खोबण्या फुकटात मिळतात. हात लावायचा नाही, बस. सगळी मेहनत हाडात. व्ही आकाराच्या कटरची प्रत्येक रेघ घुमटाच्या वळणाबरोबर वळली पाहिजे, सरळ गेली की कपाळ सपाट होतं. लिनो थंड असेल तर कडा तुटतात, म्हणून तो आधी जरा ऊबदार करून घ्यावा, आणि दुसरा हात कायम पात्याच्या मागे ठेवावा. चिडचिड होते ती कवटीच्या शिवणींवरून, म्हणजे हाडं जिथे एकमेकांत अडकतात त्या नागमोडी रेषांवरून. त्या पांढऱ्यावर काळ्या हव्यात, म्हणजे दोन्ही बाजूंनी कोरून मधे केसाएवढी भिंत उभी ठेवायची. ती भिंत रोलर फिरवताना कुठे ना कुठे निखळतेच. मी तो नादच सोडला. कपाळाची बाजू रेघांनी करडी ठेवते आणि त्या करड्यातून शिवण पांढरी ओढून काढते. खऱ्याच्या उलट आहे, पण ठसा बघणाऱ्या कोणालाही ते खटकलेलं नाही.

मेक्सिकोच्या होसे ग्वादालूपे पोसादाची कात्रिना, म्हणजे टोपी घातलेली बाईची कवटी, त्या दिवसांत मी सतत समोर ठेवली होती. तो लिनोकट नव्हे, जस्ताच्या पत्र्यावर आम्लाने रेघा कोरून छापलेलं एचिंग आहे, १९१० ते १९१३ च्या दरम्यानचं. पण कमी रेघांत किती बोलता येतं ते त्यात बघावं. आज तिला लोक लांब झग्यासकट ओळखतात. मुळात मात्र ती फक्त डोकं आणि पिसांची भली मोठी टोपी आहे. झगा दिएगो रिव्हेराने १९४७ च्या भित्तिचित्रात चढवला. मला विचाराल तर टोपी पुरेशी होती.

माती हे सर्वांत हट्टी माध्यम. मातीत काळं नावाची वस्तूच नसते, असतो फक्त खोलपणा, आणि काळोख त्यातूनच पडतो. साहजिकच पहिल्यांदा अंगठ्याने दोन खड्डे पाडावेसे वाटतात. तसे पाडले की पाटी मातीत परत येते. खोबणी खणायची नसते, तिच्या भोवती बांधायचं असतं. भुवईचा कठडा पुढे आणायचा, गालाचं हाड बाहेर ओढायचं, नाकाच्या मुळाशी माती चढवायची, मग मधे जे उरतं ती खोबणी. हे लक्षात आल्यावर हत्यारं बाजूला राहिली आणि बोटांनीच काम झालं. भाजायची असेल तर कवटी आतून पोकळ हवी. मी वर्तमानपत्राचा गच्च बोळा करून त्यावर माती चढवते, आणि ती जरा ताठ झाली की घुमट तारेने कापून बोळा काढून घेते. मग कडा ओरखडून, पातळ माती लावून घुमट परत बसवते. गंमत म्हणजे हा काप बरोबर मॉडेलच्या फटीच्या जागीच येतो. आत हवेला वाट म्हणून खाली भोक ठेवायचं, आणि माती हाडासारखी कोरडी होईपर्यंत भट्टीला हात लावायचा नाही. आत ओल राहिली तर तिची वाफ होते आणि तुकडे उडतात.

तडा पहिल्यांदा कुठे जातो? गालाच्या कमानीला. ती पातळ, तिची दोन्ही टोकं जाड मातीत. पातळ भाग आधी वाळतो आणि आकसतो, जाड भाग अजून ओला, मग मधे ताण. कमानीखाली त्याच मातीचा टेकू द्यावा. तोही कमानीबरोबरच आकसतो, म्हणून तडा जात नाही, आणि भाजण्याआधी काढून टाकता येतो. लाकडाचा किंवा तारेचा टेकू मात्र देऊ नये. तो आकसत नाही, आणि कमान त्याच्यावरच तुटते. वरून सगळं प्लास्टिकने सैल झाकून सावकाश वाळवायचं. घाई करणाऱ्याने कागदाचा लगदा वापरावा. लगदा हलका, क्षमाशील, आणि त्याचा खरखरीतपणा जुन्या हाडाला शोभतो. मात्र फुग्यावर करू नये. फुगा सगळीकडून सारखा गोल असतो, आणि कवटी वरून पाहिली तर अंड्यासारखी, मागे रुंद.

भरतकामात मला वाटलं होतं तसं काहीच झालं नाही. कोळशात काळं शेवटी येतं, लिनोत ते आयतं मिळतं, मातीत ते सावलीतून येतं. भरतकामात काळ्या दोऱ्याने खोबणी भरली की ती उंच होते. सॅटिन टाका दाट भरला की दोरा कापडावर चढतो, त्यावर उजेड चमकतो, आणि ज्या जागी खड्डा हवा तिथे काळा चकचकीत फुगवटा बसतो. दिसायला बटणं लावल्यासारखं. उपाय साधा निघाला. कापडच काळं घ्यायचं आणि खोबणीत एकही टाका घालायचा नाही, फक्त हाड भरायचं. रिंगेत ताणलेल्या काळ्या सुती कापडावर मी फिकट पिवळट, पांढरा आणि करडा असे दोरे घेतले, सहा पदरी दोऱ्यातला एकच पदर. कपाळावर लांब-आखूड टाके, घुमटाच्या वळणाने. खोबणीच्या कडेला येता येता टाके विरळ करायचे, म्हणजे मधून कापड डोकावतं आणि उतार आपोआप तयार होतो. शिवणी उलट्या टिपेने घातल्या, आणि उलटी टीप नागमोडी घालणं ही शिक्षा नाही, चैन आहे. दातांना मात्र सॅटिन टाकाच. तिथे दोऱ्याची चमक कामाला येते, वर एनॅमलचं गुळगुळीत आवरण आहे म्हणून दात हाडापेक्षा जास्त चमकतात, आणि दोऱ्यालाही तेच करायचं असतं.

करता करता दुसऱ्यांच्या कवट्या शोधायचं वेड लागलं. नुसतं ‘कवटी’ शोधलं तर निम्मा पसारा दागिन्यांचा आणि टॅटूंचा येतो. ‘व्हॅनिटास’ (आयुष्य क्षणभंगुर आहे याची आठवण करून देणारी चित्रं) हा शब्द घातला की सतराव्या शतकातली डच स्थिरचित्रं उघडतात. विझलेली मेणबत्ती, वाळूचं घड्याळ, पुस्तकं, आणि कडेला कवटी, बहुतेक वेळा तिरकी ठेवलेली, जबड्याविना. न्यूयॉर्कच्या मेट म्युझियमने २०१७ पासून स्वामित्वहक्क संपलेल्या कलाकृतींची चित्रं मोफत वापराला खुली केली आहेत, त्यामुळे मोठी करून फटकाऱ्याफटकाऱ्याने बघता येतात.

होल्बाइनचं १५३३ मधलं ‘दि अॅम्बॅसडर्स’ फोनवरही बघण्यासारखं आहे. मूळ चित्र लंडनच्या नॅशनल गॅलरीत आहे, दोन मीटरहून उंच. दोन प्रतिष्ठित माणसं, मधे उपकरणं, आणि पायाशी एक तिरपा ओघळ. फोन डोळ्याजवळ आडवा धरा आणि चित्राच्या उजव्या कडेवरून जवळजवळ सपाट नजरेने बघा. ओघळ आखडत येतो आणि कवटी उभी राहते. त्याच क्षणी दोन्ही माणसं चिपाड होतात. दोन्ही एकाच वेळी धड दिसत नाहीत, आणि माझ्या मते चित्राचा सगळा जीव त्यात आहे. चार्ल्स अॅलन गिल्बर्टचं १८९२ मधलं चित्रही दृष्टीचाच खेळ आहे. आरशासमोर बसलेली बाई, आणि लांबून आरशाची गोलाई म्हणजे घुमट, तिचं डोकं आणि प्रतिबिंब म्हणजे दोन खोबण्या. हुशारी आहे, पण एकदा कळली की संपते. होल्बाइनचं तसं होत नाही.

नव्या कामांत डेमियन हर्स्टची २००७ मधली हिऱ्यांची कवटी सगळ्यांना माहीत असते. अठराव्या शतकातल्या एका कवटीवरून ओतलेलं प्लॅटिनम, त्यावर ८,६०१ हिरे, आणि दात मूळ माणसाचे. मला त्यातले फक्त दात आवडतात. एवढ्या झगमगाटात तेवढेच खरे, आणि नजर तिथेच जाऊन थांबते. सुबोध गुप्ता यांनी २००६ मध्ये स्टेनलेस स्टीलच्या भांड्यांची प्रचंड कवटी उभी केली. भांड्यांच्या रचनेत सांदीकोपऱ्यांचा काळोख आपोआप तयार होतो, म्हणजे मातीचा प्रश्न त्यांनी रचनेनेच सोडवला. पण मला सर्वांत जवळची वाटते ती गॅब्रिएल ओरोस्कोची १९९७ मधली कवटी, फिलाडेल्फियाच्या संग्रहालयातली. खऱ्या कवटीवर नुसत्या ग्रॅफाइटने बुद्धिबळाच्या पटासारखे चौकोन. घुमटावर चौकोन नीट बसतात, आणि खोबणीत उतरताना ताणले जातात, वाकतात. कवटीचा प्रत्येक चढउतार त्या चौकोनांनी मोजून दाखवलाय. हे बघितल्यावर मी माझ्या प्लास्टिकच्या कवटीवर पेन्सिलीने चौकोन आखून काढले. चित्रं काढायला त्याच्याइतका उपयोग कशाचाच झाला नाही.

जुन्यांमध्ये ब्रिटिश म्युझियमची स्फटिकाची कवटी फार गाजलेली. संग्रहालयाने ती १८९७ मध्ये अॅझटेक, म्हणजे मेक्सिकोतल्या जुन्या लोकांची समजून घेतली. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली फिरत्या चाकाच्या खुणा दिसल्या, आणि स्पॅनिश लोक येण्यापूर्वी तिकडे असं चाक वापरात नव्हतं. मला मात्र ती खोटी ठरण्याआधीपासून कंटाळवाणी वाटायची. पारदर्शक दगडात सावलीच धरत नाही, त्यामुळे खोबण्या खोबण्या वाटत नाहीत. त्याच संग्रहालयात पिरोज्याचा मुखवटा आहे, खऱ्या कवटीवर निळ्या पिरोज्याचे आणि काळ्या लिग्नाइटचे (एक प्रकारचा दगडी कोळसा) पट्टे, चामड्यावर हलणारा जबडा, आणि नाकाच्या पोकळीत लाल शिंपल्याचं अस्तर. नाकाची पोकळी काळी न ठेवता लाल करायची, हे ज्याला सुचलं त्याला नमस्कार.

काही कवट्या करणाऱ्याशिवायच तयार असतात. स्नॅपड्रॅगनचं फूल गळून बोंड वाळलं की त्याला बी सांडायला भोकं पडतात, दोन वर आणि एक खाली, आणि फांदीभर चिमुकल्या कवट्या लटकतात. डेथ्स-हेड हॉकमॉथ या पतंगाच्या पाठीवरही अशीच पिवळसर खूण असते. तीन काळे डाग जवळ आले की आपला मेंदू चेहरा बनवून मोकळा होतो. ती बोंडं मी भिंगाखाली काढायला घेतली तेव्हा मजा झाली. भोकांच्या कडा फाटक्या, दातेरी, एकाही बोंडाच्या दोन ‘खोबण्या’ सारख्या नाहीत. पाटीशी त्यांचं काही जमत नाही, हे बघून बरं वाटलं.

सध्या स्टेन्सिलवर अडले आहे. स्टेन्सिलमध्ये कापलेल्या जागेतून रंग जातो, आणि काही सुटं राहिलं की ते गळून पडतं. मी पांढऱ्यावर काळा रंग मारते, म्हणजे खोबण्या आणि सावल्या कापायच्या, हाड जागेवर ठेवायचं. कपाळ, गाल यांचं ठीक आहे, सगळं एकमेकांना जोडलेलं असतं. दात मात्र चहूबाजूंनी सावलीने वेढलेले, प्रत्येक दात सुटं बेट. बेटांना पूल द्यावे लागतात, आणि पूल सारख्या अंतरावर दिले की परत त्या सात-आठ उभ्या रेघा. मुळांचे फुगवटे वरून दातांत उतरवून त्यांनाच पूल करून पाहिलं. वरची ओळ त्याने जमली. खालच्या ओळीला फुगवटे बारीक, कागद तिथे फाटतो. दोन थरांचं स्टेन्सिल करून बघेन, तेही नाही जमलं तर खालचा जबडा जाईल.